दाखवून टाकलेलं मत

“हातमा नको दिऊ. टेबलवर ठेव.”

माझं पहिलं मत. शिक्का मारून पुठ्ठ्याच्या आडोशातून मी नुकतीच बाहेर आले होते. हातात मतपत्रिका, बोटाला ओली शाई. मतदानाचं वय अठरावर आलं त्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे माझं नाव यादीत आलं याचंच मला कौतुक. खोली तीच होती जिथे मी चौथीपर्यंत शिकले. बाकं भिंतीला लावली होती आणि मधोमध टेबल टाकून मधुभाऊ बसला होता.

मधुभाऊ म्हणजे गावातल्या बड्या घरातला मुलगा. साहेबांच्या पार्टीचा पोलिंग एजंट. वयानं माझ्या वडिलांच्या निम्मा असेल, पण वडिलांना नावानं हाक मारायचा.

मी मतपत्रिका टेबलवर ठेवली. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. पेन्सिलीच्या टोकानं कागद सरळ केला. हात लावला नाही. माझ्या हाताचा घाम लागला होता ना त्या कागदाला. शिक्का कुठे आहे ते वाकून पाहिलं आणि म्हणाला, “हा. बराबर शे. उचल, टाक पेटीमा.”

मग दारात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे बघून म्हणाला, “किसना, पोर हुशार शे तुन्ही. शिक्का सरळ मारस.”

खोलीतले सगळे हसले. धुळ्याहून आलेला मतदान अधिकारी खिडकीबाहेर बघत बसला होता, तोही मान न वळवता हसला. त्याचं मला काही वाटलं नाही, तो परका होता.

पण आबा हसले. माझे वडील. तोंडभर हसले. पोरीचं कौतुक झालं म्हणून हसले.

माझं मत मधुभाऊला पाहिजे होतं. माझ्या हातातला कागद त्याला चालत नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. मी कागद उचलला, पेटीत टाकला आणि घरी आले. घरी येऊन चूल पेटवली. 

आमचं गाव धरणगावजवळचं. कापसाचं. बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला. आणि आमच्या वाड्याची रीत अशी, की मत दाखवून टाकायचं. कुणी जबरदस्ती केली असं नाही. आम्हीच पाडलेली रीत. शिक्का मारला की कागद उघडाच धरायचा, साहेबांच्या माणसापुढे न्यायचा, त्यानं मान हलवली की मग घडी घालायची. म्हाताऱ्या बाया तर पेटीत टाकण्याआधी दोनदोनदा विचारायच्या, “भाऊ, देखं ना?” आपलं इमान कुणाच्या डोळ्यांखाली गेल्याशिवाय ते इमान नाही, असं वाटायचं. ही रीत माझ्या वडिलांनीच घालून दिली होती. पूर्ण वाड्याची मतं ते मोजून द्यायचे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

साहेबांचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारे थोडे नव्हते. संस्था गिळल्या, जमिनी लाटल्या, माणसं दाबली. जळगावच्या पेपरात दर दोन महिन्यांनी काहीतरी छापून यायचं. आबा पेपर वाचून घ्यायचे माझ्याकडून, आणि वाचून झाला की म्हणायचे, “इरोधकेसनं काम शे हाई.” विषय संपला.

का, तेही सांगते. मी आईच्या कडेवर होते तेव्हाची गोष्ट. आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं वाड्याशी व्यवहार तोडला. दुकान बंद, पिठाची गिरणी बंद, शेतात मजुरी बंद. माणसं कंदमुळं उकडून खायला लागली. मोठ्या पुढाऱ्यांपैकी कुणी फिरकलं नाही. आणि एक दिवस साहेब आले. तेव्हा ते तरुण होते, नवे होते. मागे ज्वारीचा ट्रक. भर दुपारी, गावातल्या लोकांदेखत, आमच्या वाड्यात खाटेवर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. आमच्या घरासमोर, आबांच्या हातून.

हे पाणी मी लहानपणापासून ऐकत आले. लग्नात, मयतीत, पाहुणे आले की, मत मागायला कुणी दुसरा आला की. “साहेबनी आपलं पानी पिधं.” आमच्या घरात दोन गोष्टींबद्दल उलट बोलायचं नाही. एक दीक्षा आणि दुसरं हे पाणी.

लग्नानंतर मी जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आले. नवरा रिक्षा चालवायचा, मी बालवाडीत शिकवायला लागले. एक मुलगी झाली. नाव मात्र गावच्याच यादीत राहिलं. आबाच म्हणाले, राहू दे, एक मत कमी होईल. मी राहू दिलं. तोवर मला वाटायचं, बापाचा शब्द आहे, पाच वर्षांतून एकदा जायचं, टाकून यायचं. पेन्सिल मी विसरले नव्हते. पण अपमान गिळायची सवय एकदा लागली की त्याची चवही कळेनाशी होते.

मग सुधाकरचं झालं.

सुधाकर माझ्या आत्याचा मुलगा. आबांचा सख्खा भाचा. यावलकडे एका केळीच्या बागेत कामाला होता. बाग साहेबांच्या पुतण्याची. उन्हाळ्याचे दिवस, केळीला पाणी धरून धरून पोरगा सुकला होता. मोटारीच्या खोलीत माठ होता. मालकाचा माठ. सुधाकरनं त्यातलं पाणी घेतलं. पुतण्यानं पाहिलं. फावड्याच्या दांड्यानं मारलं. चारचौघांसमोर मारलं, बागेतले सगळे बघत होते. एक डोळा गेला. गेला म्हणजे गेलाच, तिथे नुसती खाच राहिली.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात मी रोज डबा न्यायचे. आत्या त्याच्या पायथ्याशी बसलेली असायची. रडायची नाही. रडून तिचं संपलं होतं. पोलिसात केस झाली होती, कारण आमच्या समाजातल्या पोरांनी ठाण्यासमोर बसून ती करायला लावली. पुतण्या दोन दिवस आत राहिला आणि बाहेर आला.

त्याच आठवड्यात साहेब जळगावच्या सभेत म्हणाले, “पोरापोरांचं भांडण आहे. त्याला जातीचा रंग देऊ नका.”

माझ्या नवऱ्यानं पेपर वाचून दाखवला. मी म्हटलं, आता आबांचे डोळे उघडतील. स्वतःच्या बहिणीचा मुलगा आहे. याउपर काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी आबा दवाखान्यात आले. स्वच्छ धोतर, हातात बिस्किटाचा पुडा. सुधाकरच्या डोक्यावरून हात फिरवला.  खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खूप माया वाटली. मग ते आत्याच्या शेजारी टेकले आणि खाली बघत बोलायला लागले. साहेबांचा निरोप होता. पोराचा सगळा खर्च साहेब करतील. पुढे संस्थेत शिपाई म्हणून लावून घेतील. केस तेवढी मागे घ्या. निवडणूक तोंडावर आहे, साहेबांच्या नावाला उगाच डाग.

सुधाकरनं उरलेल्या डोळ्यानं मामाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आत्यानं सुधाकरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “दादा, तू मन्हा भाऊ म्हनीसन उना का साहेबना मानूस म्हनीसन?”

 आबांनी पुडा खाटेवर ठेवला आणि ते उठले. मी त्यांच्या मागोमाग दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. मला वाटलं होतं की मी भांडेन. त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. माझा बाप, ज्यानं गावाच्या विरोधात जाऊन ढोरं ओढायचं सोडलं, ज्याची छाती लोकांनी पाहिलेली, तो आता बहिणीपुढे दुसऱ्याचा निरोप्या होऊन आला होता. निरोप देणाऱ्यानं त्याला नेमकं ओळखून पाठवलं होतं. पेन्सिलीचा अपमान माझा एकटीचा होता. हा आमच्या अख्ख्या घराचा होता, आणि तो आबांनी स्वतःच्या पायानं चालत आणून दिला.

त्या फाटकाशी मला चीड आली. आधी आली नव्हती एवढी. आणि ती आबांवर नव्हती, त्यांना पाठवणाऱ्यावर होती, हे मला फार उशिरा कळलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. दुपारी समाजमंदिरात वाड्याची बैठक होती. दरवेळी व्हायची. आबा उभे राहायचे, दोन शब्द बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे, चहा व्हायचा. या वेळी चहात कुणाचा जीव नव्हता. सुधाकरचं सगळ्यांना माहीत होतं. तरी आबा उभे राहिले आणि सुरू झाले. संकटात कोण आलं, ज्वारी कोणी आणली. मग नेहमीप्रमाणे पाण्यावर आले.

मी मध्येच म्हटलं, “आबा, तेसना पुतन्यानी पानीसाठेच डोळा फोडा ना सुधाकरना?”

बैठकीत बाया बोलत नसत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा म्हणाले, “पुतन्यानं पाप साहेबवर नको टाकू.” आणि पुन्हा म्हणाले, “साहेबनी आपलं पानी पिधं.”

तेव्हा कोपऱ्यातून जनाअक्का बोलली. आमच्या समोरच्या घरातली, आबांपेक्षा मोठी. त्या दुपारी ती अंगणात हजर होती.

“किसन, आते पुरं कर. तो तांब्या आपला नही व्हता. गाडीमातला व्हता. डायव्हरनी आनी दिधा. पानी बी तेसनंच व्हतं.”

 मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, ते अक्कावर ओरडतील. ते ओरडले, पण अक्कावर नाही, आम्हा सगळ्यांवर.

“माले माहीत शे! मन्हाच हातमा दिधा व्हता तो तांब्या. मी अंधा शे का?” त्यांचा आवाज फाटला. “पन तो उना व्हता. दुसरा कोन उना व्हता? सांगा ना. कोन उना व्हता?”

  त्या वेळी खरंच दुसरं कुणी आलं नव्हतं. भुकेल्या पोरांच्या तोंडात साहेबांचीच ज्वारी गेली, त्या पोरांत मीही असेन. आबांना भोळा म्हणणारे पुष्कळ शहाणे मला नंतर भेटले. ते भोळे नव्हते. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की तो माणूस आपलं पाणी प्यायला नाही. तरी वाड्याला मान वर करून चालता यावं म्हणून त्यांनी ते पाणी आपलं करून घेतलं आणि इतकी वर्षं त्याची परतफेड केली. एका ट्रकभर ज्वारीसाठी एका पिढीची मतं गेली. आता दुसऱ्या पिढीचा डोळा गेला होता, तरी फेड संपत नव्हती.

मी तिथेच ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी रांगेत उभी राहिले. पुढे आमच्या वाड्यातल्या बाया. एकेक आत जायची, दाखवायची, टाकायची. मला वाटलं होतं, कालच्या बैठकीनंतर काहीतरी बदलेल. काही बदललं नाही. जनाअक्कानंही दाखवून टाकलं. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता निघून गेली. तिचा मुलगा साहेबांच्या जिनिंगमध्ये कामाला होता.

माझी पाळी आली. शिक्का मारला. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. आधी उभी घडी, मग आडवी, मग आणखी एक. बाहेर आले.

मधुभाऊ आता जाडा झाला होता. मान न उचलता म्हणाला, “दखाड व.”

“नही.”

“काय?”

“मी नही दखाडत.” मग अधिकाऱ्याकडे वळून मी शाळेतल्या मराठीत विचारलं, “साहेब, मतदान गुप्त आहे ना?”

तो अधिकारी गोंधळला. मधुभाऊकडे बघितलं, मग माझ्याकडे. “टाका बाई लवकर, मागे रांग आहे,” म्हणाला. तेवढंच बोलला. फार हिंमतीचा नव्हता. पण तेवढं मला पुरलं.

मधुभाऊनं दाराकडे हाक दिली, “किसना! तुन्ही पोर दखाडत नही शे.”

आबा पुरुषांच्या रांगेत अगदी दाराशी होते. आत आले. त्यांनी मला आयुष्यात कधी बेटा म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हटलं. हळू आवाजात, हात जोडल्यासारखे करून. “दखाडी दे ना, बेटा.”

 मधुभाऊनं मारलं असतं तरी चाललं असतं. बापानं हात जोडले, तिथे मी मोडणार होते. सुधाकरची खाच डोळ्यांसमोर आणली. मुद्दाम आणली. आणि कागद पेटीत सोडला.

“उलटं पडनं!” मधुभाऊ ओरडला. “किसनानी पोरनं मत उलटं पडनं!”

बाहेरच्या रांगेत कुजबुज पसरली. मी बाहेर येऊन दाराशी थांबले, आणि थोड्या वेळानं मला वळून बघावं लागलं. कारण आबांनी आपली मतपत्रिका घेतली होती, आडोशात जाऊन आले होते, आणि आता खोलीच्या मधोमध उभे राहून तो कागद दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता. पूर्ण उघडा. म्हणत होते, “देखा. मन्हं देखा. बठ्ठा देखा.” चारी बाजूंना फिरून दाखवत होते. म्हातारा माणूस, घामानं चिंब, हात वर.

मधुभाऊ बघतही नव्हता. पुढच्या माणसाचं नाव यादीत शोधत होता. “टाक, टाक,” म्हणाला.

मी खूप काही सोसलंय, पण ते दृश्य मला सोसत नाही. आजही नाही.

साहेब निवडून आले. माझ्या एका मतानं काय होणार होतं? मिरवणूक गावातून निघाली. पुढे बँड, मागे जीपा. गावातल्या चौकात थांबली, तिथे ओवाळणं झालं, हार झाले. आमच्या वाड्याच्या तोंडाशी आबा आणि आणखी काही माणसं हार घेऊन उभी होती. जीपा थांबल्या नाहीत. मधुभाऊनं वरून गुलालाची मूठ फेकली, ती रस्त्यावर पडली. धूळ बसल्यावर आबा वाकले. रस्त्यावरचा गुलाल चिमटीत घेतला आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या कपाळाला लावला. मग बाकीच्यांनीही तसंच केलं.

मी ओट्यावरून बघत होते. त्यानंतर वर्षभर आबा माझ्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हा एवढंच म्हणाले, “मन्ही बात गयी.” त्यांची बात, त्यांच्या शब्दाची पत, गेली हे खरंच होतं. मी घालवली होती. मला त्याचं दुःख आहे, पश्चात्ताप नाही.

निकालानंतर महिन्याभरानं पिंप्राळ्याला माझ्या घरी माणसं आली. विरोधी पार्टीची. पांढरे कपडे, गोड बोलणं. गावातली बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, “ताई, तुम्ही फार मोठी हिंमत केली. तुमच्यासारखी माणसं आम्हाला पाहिजेत. मत आपल्यालाच दिलं ना?”

मी म्हटलं, “नाही सांगणार.”

तो हसला. “अहो, आपल्या माणसांपासून काय लपवायचं?”

आपल्या माणसांपासून! घरात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तो आपला झाला होता. मी चहा पुढे केला. तो म्हणाला, “तुमच्या समाजावर झालेला अन्याय आम्ही विसरणार नाही. पुढच्या वेळी सगळा वाडा आमच्या मागे उभा करा.”

तेव्हा मी विचारलं, “सुधाकरला मारलं तेव्हा त्या बागेत तुमच्या पार्टीची माणसं होती. शेजारच्या बागेचा मालक तर तुमचा तालुक्याचा कार्यकर्ता. त्यानं सगळं पाहिलंय. माझ्या आत्यानं केस मागे घेतलेली नाही, ती उभी आहे. तो साक्षीला येईल का?”

ते एकमेकांकडे बघायला लागले. एकानं घड्याळ पाहिलं. दुसरा म्हणाला, “ते कोर्टाचं काम आहे ताई, ते वेगळं. तिथे आम्ही...”

“येईल का, तेवढं सांगा.”

“बघू. विचारून सांगतो.”

विचारून सांगायला कुणी आलं नाही. केसचा निकाल लागला. पुतण्या निर्दोष. सुधाकर एका डोळ्यानं दुसऱ्याच्या बागेत कामाला जातो.

तेव्हापासून माझ्या दारात मत मागायला जो कुणी येतो, त्याला मी बसवते आणि पहिला प्रश्न हाच विचारते. आमचा माणूस मार खाईल तेव्हा तुमचा माणूस कोर्टात उभा राहील का? साहेबांची पार्टी आली, तिला विचारलं. विरोधी आली, तिला विचारलं. आमच्याच समाजाचे पुढारी आले निळी टोपी घालून, त्यांनाही विचारलं. सगळे बघू म्हणतात.

उद्या कुणी हो म्हणेल. खरंच येऊन उभा राहील, खरी साक्ष देईल. तेव्हा मी त्याला मत देईन. कदाचित. पण दिलं की नाही हे त्याला कधीच कळणार नाही, आणि त्याच्यानंतर त्याच्या पोराला मत मागायचं असेल तर त्यानं पुन्हा पहिल्यापासून यावं, दारात उभं राहावं आणि माझ्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर द्यावं.